चर्चच्या घड्याळाला एकच काटा कसा काय?

अवनी_लिंकनशायर: नमस्कार मंडळी, आम्ही सध्या इंग्लंडात लिंकनशायरला राहतो, परवा कोनिंग्जबी गावातून जाताना सेंट मायकल चर्चच्या टॉवरवर भलंमोठं घड्याळ दिसलं, तबकडी थेट भिंतीवरच रंगवलेली आणि काटा फक्त एक! मुलगा म्हणाला दुसरा पडला असेल. हे असंच असतं का, आणि वेळ बघायची कशी?

लोलक: पडला नाहीये ताई, तो पहिल्यापासूनच एकटा आहे. सतराव्या शतकातलं घड्याळ आहे ते, तबकडीचा व्यास साडेसोळा फूट. जो दिसतो तो तासकाटा. दोन आणि तीनच्या बरोबर मधे असला की अडीच, त्याच्या अलीकडे अर्ध्यात असला की सव्वादोन. आणि तबकडी एवढी मोठी की कडेला मोजलं तर पाच मिनिटांना चार इंचांच्या वर जागा मिळते, त्यामुळे सवय झाली की पाच मिनिटांपर्यंत वेळ नीट कळते.

दातेरी_चाक: थोडी भर घालतो. लोलक यायच्या आधी घड्याळाचा वेग एक आडवी दांडी मागेपुढे हलून ठरवायची, त्यात दिवसाला पाव तास इकडेतिकडे सहज व्हायचा, मग मिनिटकाटा लावून करणार काय? हायगन्सने 1656 मधे लोलकाचं घड्याळ केलं तेव्हा कुठे मिनिटाला अर्थ आला, पण गावाला तासावर भागत होतं. त्याहून जुन्या घड्याळांना तर तबकडीच नसायची. सॉल्झबरी कॅथेड्रलचं साधारण 1386 चं मानतात, ते नुसते टोले देतं. ऑक्सफर्डशायरमधे ईस्ट हेन्ड्रेड गावच्या चर्चमधे 1525 चं घड्याळ आहे, तेही बिनतबकडीचं. शेतात काम करणाऱ्याला घंटा ऐकू आली की झालं.

अवनी_लिंकनशायर: वा, मस्त माहिती! मग टोले मोजून कोण देतं? आणि बॅटरी वगैरे काही नाही?

दातेरी_चाक: दोरीला जड वजनं टांगलेली असतात, कोनिंग्जबीला चक्क दगडाची, ती हळूहळू खाली येतात आणि चाकं फिरवतात, म्हणून रोज कुणीतरी वर जाऊन ती गुंडाळून ठेवायची. टोल्यांसाठी जुन्या घड्याळांत वेगळं चाक असतं, त्याच्या कडेला खाचा, एक टोला, मग दोन, मग तीन असं खाचांमधलं अंतर वाढत जातं, खटका खाचेत पडला की हातोडा थांबतो. बारा तासांचे मिळून 78 टोले. मात्र या चाकाला काटा कुठे आहे ते कळत नाही, नुसता काटा पुढे ढकलला तर दाखवणार चार आणि वाजवणार तीन, मग टोले हाताने सोडून जुळवावे लागतात.

लोलक: आत जायला मिळालं तर लोलक नक्की बघा, एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला दोन सेकंद घेतो, म्हणजे लांबी चार मीटरच्या आसपास आली. लोखंडी दांडी उन्हाळ्यात लांबते, 10 अंश तापमान वाढलं तर घड्याळ दिवसाला साधारण पाच सेकंद मागे पडतं. एक काट्याला तेवढं चालतं.