मदत हवी आहे: एकाच फेरीत चालणाऱ्या कंपायलरमध्ये लोकल व्हेरिएबल रजिस्टरमध्ये कसे ठेवावेत?

सीसारख्या छोट्या भाषेचा कंपायलर सीमध्येच लिहितोय. साधारण ४,००० ओळी, ट्री (कोडच्या रचनेचा मेमरीतला आराखडा) नाही. पार्सर वाचता वाचताच एक्स८६-६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसरचा) कोड काढतो. कंपाइल भन्नाट वेगात होतं, पण निघणारा कोड रडका आहे. प्रत्येक लोकल व्हेरिएबल स्टॅकवर, त्यामुळे लूपमधल्या 'क = क + १' ला सुद्धा मेमरीतून लोड, बेरीज, परत स्टोअर.

पीपहोल (निघालेल्या कोडच्या शेजारशेजारच्या सूचना बघून फालतू त्या काढणं) करून पाहिलं. लागोपाठचे स्टोअर-लोड गेले, पण लूपच्या टोकाला लेबल आलं की सगळं मुसळ केरात.

मग पहिले पाच लोकल आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागा) बसवले. लिनक्सवर हे कॉलनंतरही शाबूत राहतात. प्रोलॉगसाठी (फंक्शनच्या सुरुवातीचा तयारीचा कोड) आधी जागा सोडून शेवटी भरतो, तिथे अडचण नाही. घोडं अडलं ते '&क' वर: पत्ता मागितल्याचं कळेपर्यंत क रजिस्टरमध्ये जाऊन अर्धा कोड निघालेला असतो.

एक जुगाड सुचतोय: फंक्शनचे टोकन (कोडमधले सुटे शब्द आणि चिन्हं) बफरमध्ये घेऊन आधी फक्त '&नाव' शोधायचं आणि ती नावं स्टॅकवरच ठेवायची. आतल्या ब्लॉकमध्ये तेच नाव पुन्हा आलं तर दोन्ही स्टॅकवर, चालेल.

एलएलव्हीएम (कोड काढून देणारी तयार लायब्ररी) नको, आणि ६,००० ओळींच्या पुढे जायचं नाही. लिनिअर स्कॅन (रजिस्टर वाटपाची एक पद्धत) माहीत आहे, पण त्यासाठी आयआर (कोडचं मधलं रूप) बांधावा लागेल.

ही टोकन-चाळणी कुणी वापरली आहे का? पुढे इनलायनिंग (कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच घालणं) करायचं झालं तर ती फेकूनच द्यावी लागेल, की आत्ताच फंक्शनपुरता ट्री बांधणं शहाणपणाचं?