व्हिन्स लोंबार्डींच्या कबरीपासून सुरू होणारा जिओकॅश: आकडे कुठले घ्यावेत, डबा कुठे ठेवावा?

पायवाट:
न्यू जर्सीत मिडलटाउनच्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत व्हिन्स लोंबार्डी यांची कबर आहे. अमेरिकन फुटबॉलमधला सर्वात मोठा सामना, म्हणजे सुपर बोल, जिंकणाऱ्या संघाला ज्यांच्या नावाची ट्रॉफी मिळते, ते हे प्रशिक्षक. एडिसनकडच्या आपल्या मराठी मंडळींना शनिवारी सकाळी मुलांना घेऊन जाता येईल असा मल्टी-कॅश लावायचा आहे (जीपीएसने शोधायचा लपवलेला डबा म्हणजे जिओकॅश, आणि टप्प्याटप्प्याने शोधायचा तो मल्टी-कॅश). कबर पाहायची, कारकिर्दीतले आकडे घेऊन गणित करायचं आणि त्यातून डब्याची जागा काढायची. डबा दफनभूमीतच कडेच्या झाडीत ठेवला तर? आणि कुठल्या आकड्यांचं उत्तर निर्विवाद एकच येईल?

कडेकपारी:
डबा आत नको. परवानगी मिळाली तरी नको. फोनचा जीपीएस मोकळ्या जागी चार-पाच मीटर चुकतो, झाडाखाली आणखी. म्हणजे माणूस दहा मीटरच्या घेरात सगळं चाचपणार: दगडांच्या मागे हात घालणार, फुलं बाजूला करणार. शेजारी कुणाचा अंत्यविधी चालू असेल तर काय दिसेल ते? शिवाय गवत कापणारे आणि पानगळ साफ करणारे कर्मचारी डबा कचऱ्यात टाकतात ते वेगळंच.

दफनभूमीतला टप्पा व्हर्च्युअल ठेवा. तिथे वस्तू काहीच नाही, फक्त वाचायचं. दोन डब्यांमधल्या १६१ मीटर अंतराचा नियम अशा टप्प्याला लागत नाही, तो प्रत्यक्ष ठेवलेल्या वस्तूंना लागतो. तरी दफनभूमीच्या ऑफिसला पत्र द्याच: आत काही ठेवणार नाही, लोक उघड्या वेळेतच येतील. डबा ज्या जागेत ठेवाल तिच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यायची, आणि ती कोणी दिली ते कॅश तपासून मंजूर करणाऱ्या रिव्ह्यूअरसाठीच्या टिपणात लिहायचं. जमीन खणून डबा पुरणं तर जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय चालत नाही.

मुख्य को-ऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) कबरीचे देऊ नका, फाटकाजवळच्या पार्किंगचे द्या. नाहीतर लोक नकाशावरच्या टिंबाकडे नाकासमोर चालत कबरींवरून जातात. कबर हा पुढचा वेपॉइंट (टप्पा) करा आणि आतल्या रस्त्याने कसं जायचं ते लिहा. कबरीवर लोकांनी ठेवलेली नाणी-झेंडे हलवायचे नाहीत, हेही ठळक असू द्या.

चौथा डाउन:
आता आकडे. लोंबार्डींच्या बाबतीत इथेच जास्त घोटाळे होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

"किती सामने जिंकले?" असं मोघम विचारलंत तर चार उत्तरं येतील आणि चारही बरोबर असतील. ग्रीन बे पॅकर्स या संघाकडे १९५९ ते १९६७ या नऊ हंगामांत नियमित सामन्यांत ८९ विजय, २९ पराभव, ४ बरोबरी. १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाकडे ७-५-२. दोन्ही मिळून ९६-३४-६. प्लेऑफचे (नियमित हंगामानंतरच्या बाद सामन्यांचे) ९ विजय आणि १ पराभव धरले की १०५-३५-६. आणि फक्त पॅकर्स, पण प्लेऑफसकट, असं धरलं तर ९८. म्हणून प्रश्नात "मुख्य प्रशिक्षक म्हणून, दोन्ही संघ मिळून, फक्त नियमित हंगाम" हे तिन्ही हवं.

विजेतेपदांचंही तसंच. एनएफएल या व्यावसायिक लीगची पाच: १९६१, ६२, ६५, ६६, ६७. सुपर बोल त्याशिवाय दोन, तेव्हा कोणी पाच मोजतो, कोणी सात. आणि पहिला सुपर बोल झाला १५ जानेवारी १९६७ ला, पण हंगाम १९६६ चा. "कोणत्या साली?" असं विचारू नका, "कोणत्या हंगामाचा?" असं विचारा.

माझ्या मते हे आकडे घ्या, कारण यांत वाद नाही: १९६१ च्या एनएफएल अंतिम सामन्यात न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध ३७-०, पहिला सुपर बोल ३५-१०, दुसरा ३३-१४. प्लेऑफमधला एकमेव पराभव १९६० चा, फिलाडेल्फियाकडून १७-१३. आणि ते येण्याआधीच्या १९५८ च्या हंगामात पॅकर्सचा फक्त १ विजय, १० पराभव, १ बरोबरी. हा शेवटचा आकडा वर्णनात आवर्जून द्या. पहिल्याच वर्षी त्याच पॅकर्सना त्यांनी ७-५ वर आणलं, त्यांचं मोठेपण मुलांना तिथे कळतं. जर्सीशी नातंही लिहा: एंगलवूडच्या सेंट सिसिलिया शाळेत ते शिकवत होते, प्रशिक्षणाची सुरुवात तिथलीच. पुढे वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, मग जायंट्स, आणि त्यानंतर ग्रीन बे.

पायवाट:
सगळे आकडे घरबसल्या मिळतात. मग कबरीपाशी कोण जाईल?

चौथा डाउन:
एक आकडा फक्त दगडावरूनच मिळेल असा ठेवा. जन्म-मृत्यूची सालं, १९१३ आणि १९७०, सगळ्यांना ठाऊक असतात, ती उपयोगाची नाहीत. दगडावर कोरलेल्या एखाद्या ओळीतले शब्द किंवा अक्षरं मोजायला लावा. स्वतः जाऊन मोजा आणि फोटो काढून ठेवा, पुढे कोणी वाद घातला तर लागतो. झाडं, बाकं असलं काही मोजायला लावू नका, ती बदलतात.

कडेकपारी:
गणिताबद्दल एक. को-ऑर्डिनेट्समधल्या मिनिटांच्या तिसऱ्या दशांश स्थळातला एक म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण १.८५ मीटर, आणि तिथल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम १.४ मीटर. ९६ ऐवजी कोणी १०५ घेतले आणि तुम्ही नुसती बेरीज केलीत, तर चूक जेमतेम १७ मीटरची. माणूस चुकीच्या झुडपात तासभर शोधत बसेल. चारने गुणलंत तर ३६ चा फरक, म्हणजे ६७ मीटर. चूक लगेच ध्यानात येते. कॅशच्या पानावरचा उत्तर तपासायचा चेकरही चालू करा, म्हणजे तेवढ्या अंतरावरच्या कोणाच्या अंगणात लोक शिरणार नाहीत.

डबा अर्धा-पाऊण लिटरचा, चार बाजूंनी कड्या लागणारा, पारदर्शक, बाहेरून "जिओकॅश" लिहिलेला. पाणी शिरतं ते बहुधा पिशवीचा कोपरा झाकणाच्या रबरात अडकल्यामुळे, म्हणून झिपची पिशवी डब्यापेक्षा लहान घ्या. लॉगबुकाला पाण्यात न भिजणारा कागद आणि पेन्सिल. पेनची शाई थंडीत गोठते. सिलिका जेलची पुडी एकदा ओलावा पिऊन भरली की वाळवेपर्यंत निरुपयोगी.

जागा गुडघ्याच्या वर, झाडाच्या बेचक्यात बघा. त्या भागात गोचिडी फार आहेत आणि त्यांच्यातून लाइम रोग होतो. पालापाचोळ्यात डबा ठेवलात तर पोरं तिथे गुडघे टेकून शोधणार. पॉयझन आयव्ही (अंगाला खाज आणणारी वेल) मे-जूनमध्ये पानांवर असताना एकदा जागा पाहून घ्या, हिवाळ्यात ती ओळखू येत नाही.