कृष्णाकाठच्या स्वच्छता मोहिमेला पहिल्यांदाच जातीये, काय काय बघून जाऊ?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सकाळी सांगलीतला सरकारी घाट आणि तिथनं आयर्विन पुलापर्यंतचा काठ साफ करायचा बेत आहे, आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मी लगेच नाव दिलं. पूर ओसरून गेला तरी बाभळींना उंचावर कॅरीबॅगा आणि चिंध्या अजून लोंबतायत, पुलावरनं जाताना रोज दिसतात आणि जीव तुटतो. ग्लोव्हज कुठले घ्यावेत? पाचवीतली मुलगी पण यायचं म्हणून हटून बसलीये, तिला नेऊ का? आणि घरात सगळे म्हणतायत की आठ दिवसात परत तेच होणार, तर खरंच उपयोग होतो का, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

घाटावरचा
ताई, जरूर जा. मेडिकलमधले पातळ पांढरे ग्लोव्हज अजिबात नकोत, पहिल्या काचेलाच फाटतात. हार्डवेअरच्या दुकानात रबर लावलेले कापडी हातमोजे मिळतात ते घ्या. पायात बूट पाहिजेत, चप्पल नको. कचरा भरायला काळ्या पिशव्या आणू नका, खताची नाहीतर सिमेंटची रिकामी गोणी बेस्ट, ओली माती भरली तरी फाटत नाही आणि ओढत नेता येते. फुटक्या बाटल्यांना वेगळी बादली ठेवा, गोणीत काच टाकली की उचलणाऱ्याच्या मांडीला लागते. गवतात हात घालायच्या आधी काठीनं हलवून बघायचं, साप विंचू असतात. हात कापलाच तर लगेच साबण लावून धुवा आणि डॉक्टरला दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर मळक्या जखमेला परत देतात.

माई_घाट
वरचं सगळं बरोबर, पण मेन गोष्ट राहिली बघा. मगर!! सांगलीत राहून हे सांगायला लागू नये पण मोहिमेत दुसऱ्या गावची पोरं येतात, त्यांना माहीत नसतं आणि बाटली दिसली की सरळ गुडघाभर पाण्यात उतरतात. आता थंडीत मगरी उन्हाला मळीवर, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीवर, येऊन पडतात, चिखलाच्या रंगात मिसळून गेलेल्या असतात, जवळ जाईपर्यंत कळत नाही. म्हणून पाण्याच्या कडेपासून चांगलं लांब राहायचं, पाण्यात तरंगणारं काहीही असू दे, ते सोडून द्यायचं, झुडपात एकट्यानं जायचं नाही. पोरगीला न्या की वो, पण घाटाच्या वरच्या कोरड्या पायऱ्यांवरच ठेवा. तिला वही द्या, बाटल्या किती, गुटख्याच्या पुड्या किती, कॅरीबॅगा किती ते लिहू दे. गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी हाय आणि पुड्या तर लई सापडतात, असा मोजलेला कागद पुढं निवेदन द्यायला कामाला येतो.

कुपवाडची_वैनी
मी निर्माल्याबद्दल लिहिते कारण घाटावर निम्मा कचरा तोच असतो. लोक श्रद्धेनं आणतात पण गाठ मारलेल्या कॅरीबॅगेसकट टाकतात. पिशवी सोडली की आत कुजलेली झेंडूची फुलं, नायलॉनच्या दोऱ्यातला हार, अगरबत्तीचा पुडा, कापराची प्लास्टिकची डबी, नारळाची शेंडी असं सगळं एकत्र चिकटलेलं. ते हातानं वेगळं करावंच लागतं. फुलं पानं खताच्या खड्ड्यात, दोरा आणि प्लास्टिक वेगळं. जास्त अवघड काम देवाच्या जुन्या तसबिरींचं, पिंपळाच्या बुडाला ठेवून जातात. आपल्यातल्याच बायका हात लावायला कचरतात. आम्ही आधी नमस्कार करतो, मग मागचे खिळे काढून काच वेगळी, चौकट वेगळी, आणि कागद पाण्यात भिजवून झाडाच्या मुळाशी पुरतो. रस्त्यावर तुडवलं जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कुणाला दुखवायचं नसेल तर एका वडीलधाऱ्या माणसाला तिथं उभं करा, लोक शांतपणे ऐकतात.

हरिपूर_रोड
उपयोग होतो का, यावर माझं स्पष्ट मत. गोणी भरून घाटाच्या कोपऱ्यात रचून सगळे फोटो काढून घरी गेले तर उपयोग होत नाही, रात्रीत कुत्री गोण्या फाडतात आणि सगळं परत नदीत. म्हणून ग्रुपवर आत्ताच विचारा, गाडी कोण आणणार आणि किती वाजता. भंगारवाला बाटल्या, पत्रा, पुठ्ठा घेतो, पण चिप्सची पाकिटं आणि पुड्या कुणीच घेत नाही, ते सगळं घंटागाडीतच गेलं पाहिजे. आणि कुणी काडी लावायला निघालं तर अडवा, उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादानं 2016 लाच बंदी घातलीय आणि त्या धुराचा त्रास शेजारच्या घरांना होतो.

दुसरं म्हणजे मे महिन्यात परत या. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका, पाणी तिथवर चढलं की काठावर पडलेलं एकूण एक उचलून हरिपूरच्या संगमावरनं खाली नरसोबाच्या वाडीकडं नेतं. जूनच्या आधी जे उचललं तेवढंच वाचलं. आणि गणेशोत्सवात पाचव्या दिवशी सरकारी घाटावर संस्थानच्या गणपतीचं विसर्जन असतं तेव्हा पायऱ्यांच्या वरच टोपल्या घेऊन चारपाच जण उभे राहिले की लोक आपणहून निर्माल्य हातात देतात. पाण्यातनं काढण्यापेक्षा हे दहापट सोपं आहे आणि मला यातच जास्त अर्थ वाटतो.

विश्रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपवर विचारलं, गाडीचं कुणीच बघितलं नव्हतं!! आता ते काम मीच घेतलंय, कुणाला भेटू?

घाटावरचा
तुमच्या वॉर्डाच्या स्वच्छता निरीक्षकांना उद्याच साधा अर्ज द्या, त्यात जागा, वेळ आणि अंदाजे किती गोण्या होतील ते लिहा. शनिवारी संध्याकाळी मुकादमांना एक फोन करून आठवण करा. गाडी दहाला सांगा, त्यानंतर ऊन लागतं आणि माणसं पांगतात.