पुण्यात राहून आरबीटी (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन, म्हणजे वर्तन-थेरपी देणारा तंत्रज्ञ) होता येतं का?

निळीशाई
डी.एड. (विशेष शिक्षण) झालंय, आरसीआयचा (भारतीय पुनर्वसन परिषद) सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक आहे. "४० तासांचा ऑनलाइन कोर्स करा, आरबीटी व्हा" अशा जाहिराती दिसतायत. फी भरण्याआधी विचारतेय, भारतातून हे खरंच होतं का? आणि पुढे बीसीबीएचं (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट, आरबीटीच्या वरची पातळी) काय?

सातपुडा
आरबीटीसाठी म्हणून भरणार असाल तर नका भरू. १ जानेवारी २०२३ पासून बीएसीबी (ही दोन्ही प्रमाणपत्रं देणारी अमेरिकन संस्था) भारतातून नवे अर्ज घेत नाही, ना आरबीटीचे ना बीसीबीएचे. ज्यांच्याकडे बीसीबीए आधीपासून आहे त्यांनी नूतनीकरण चुकवू नये, एकदा लॅप्स झालं की इथून परत मिळणं अवघड.

शिवाय ४० तासांचं प्रशिक्षण ही आरबीटीची पहिली पायरी. त्यानंतर कौशल्य-तपासणी, मग ८५ प्रश्नांची ९० मिनिटांची परीक्षा. कोर्सचं सर्टिफिकेट कितीही चकचकीत असलं तरी तो कोर्स केल्याचा कागद, बस. कुणी आरबीटी म्हणवत असेल तर बीएसीबीच्या साइटवर नाव शोधा.

इथून अर्ज करायचा तर आयबीएओ किंवा क्यूएबीए या प्रमाणपत्र देणाऱ्या दुसऱ्या संस्था बघा. फक्त हे लक्षात घ्या की अमेरिकेतली बहुतेक राज्यं लायसन्स देताना बीसीबीएच विचारतात.

घारीचा_डोळा
पुढेमागे अमेरिकेत यायचं असेल तर बीसीबीएचं गणित आत्ताच समजून घ्या: मास्टर्स, ठरलेला अभ्यासक्रम आणि २००० तास फील्डवर्क (जास्त देखरेखीखाली केलं तर १५००). तास बुडतात ते इथे:

महिन्याला २० पेक्षा कमी भरले तर तो महिना शून्य. २००० तासांच्या मार्गात देखरेख ५ टक्के, म्हणजे १०० तासांना ५ तास. एकूण तासांपैकी ६० टक्के मूल्यमापन, आलेख, आराखडा लिहिणं, पालकांना शिकवणं असल्या कामाचे हवेत. दिवसभर थेरपी देणारे नेमके यातच अडकतात, तास ढिगाने पण चुकीच्या खात्यात. महिन्याच्या फॉर्मवर सुपरवायझरची सही पुढच्या महिन्याअखेरपर्यंत घ्याच. आणि २०२७ पासून अटी बदलतायत, जुन्या नोट्स वाचून प्लॅन करू नका.

निळीशाई
मग भारतात "बिहेवियर ॲनालिस्ट" असं लिहावं का?

सातपुडा
आरसीआयमध्ये तो वेगळा प्रवर्ग नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत हे नाव आहे, पण अनुसूचीत नाव आलं म्हणजे तुमची नोंदणी झाली असं नव्हे. तोवर अहवालाखाली "विशेष शिक्षक" आणि सीआरआर नंबर लिहा.

मोजपट्टी
कोर्स शिकण्यासाठी म्हणून वाईट नाही, पण भरण्याआधी एकच विचारा: डेटा घ्यायचा सराव देता का? "चिडचिड केली" ही नोंद नव्हे. "उघड्या हाताने दुसऱ्याला मारलं" ही नोंद. त्याच सत्रात दोघांनी वेगवेगळं मोजायचं. एकाचे ८ आले, दुसऱ्याचे १०, तर जुळणी ८० टक्के. त्याखाली गेली तर मुलाच्या वागण्याआधी व्याख्या तपासा.