काणी की काजळी? आणि ‘प्रजाती’ नेमकी कशाला म्हणायचं?

प्रश्न :
बांधावरच्या हरळीचे तुरे काळ्या भुकटीने माखलेले दिसले. हात लावला की बोटं काळी. आमच्याकडे याला काजळी म्हणतात, शेतीच्या पुस्तिकेत मात्र काणी छापलंय. रानगवतांवरच्या या बुरशीच्या प्रजातींवर टिपण लिहितोय. कोणता शब्द धरू?

उत्तर :
काणी धरा. आंब्याच्या पानांवर तुडतुड्यांचा चिकट स्राव पडतो, त्यावर वाढणाऱ्या बुरशीलाही काजळी म्हणतात. ती वरवरची, पुसली की जाते. काणी झाडाच्या आत वाढते आणि बहुतेकदा फुलोऱ्यातून बाहेर पडते. हरळीवरची तुमची बहुधा उस्टिलॅगो सायनोडॉन्टिस. उस्टिलॅगो या नावातही लॅटिनमधलं ‘जळणं’ आहे, म्हणजे काजळी म्हणणाऱ्यांनी पाहिलं ते बरोबरच.

‘प्रजाती’ मात्र जपून. मराठी वनस्पतिशास्त्रात प्रजाती म्हणजे वरचा गट आणि जाती म्हणजे त्यातला एकेक प्रकार. उस्टिलॅगो ही प्रजाती, सायनोडॉन्टिस ही जाती. वर्तमानपत्रं हल्ली जातीलाच प्रजाती म्हणतात आणि वर्गीकरणाच्या लेखात त्याने फार घोटाळा होतो. उसाची चाबूक काणी २००२ साली उस्टिलॅगोतून स्पोरिसोरियममध्ये गेली. बदलली ती प्रजाती, जाती तीच राहिली. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हे वाक्य लिहिताच येत नाही.

प्रश्न :
मग प्रजाती ठरते कशावरून?

उत्तर :
ज्वारी डोळ्यांसमोर आणा. दाणे काणीत प्रत्येक दाण्याची पापुद्र्याची पिशवी होते. मोकळी काणीत पापुद्रा लवकर फाटतो आणि मधला बाकदार दांडा उघडा पडतो. झिपरी काणीत अख्खं कणीस जातं, धाग्यांच्या झिपऱ्या उरतात. शेतकऱ्यांनी ही नावं पापुद्रा, दांडा आणि धागे पाहून ठेवली. अभ्यासकही तेच पाहतात. मला या नावांचा फार अभिमान वाटतो.

२०१२ साली याच खुणांना डीएनएची जोड देऊन ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी हा गट नव्याने मांडला. तिथल्या कोरड्या भागातल्या ट्रायोडिया गवतावरच्या काणीला ट्रायोडिओमायसिस ही स्वतंत्र प्रजाती मिळाली.

टिपणात ‘पापुद्रा’ आणि ‘मधला दांडा’ हेच शब्द ठेवा. हरळीचा तुरा झटकून भिंगाखाली बघा. दांडा सापडणार नाही. ती उस्टिलॅगोत आहे त्याचं एक कारण हेच.