शब्दचर्चा : ‘अज्ञात’, ‘अनामिक’ की ‘ओळख न पटलेली’?

प्रश्न :
सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन याच्या रेखाटनांवर लिहिते आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारातली आणि त्या वर्तुळातली माणसं समोर बसवून त्याने खडूने चेहरे काढले. विंडसर कॅसलमध्ये अशी ऐंशीच्या आसपास रेखाटनं आहेत. त्यांतल्या काही स्त्रिया कोण, हे आज सांगता येत नाही. अशा चित्राखाली मराठीत काय लिहावं? ‘अज्ञात स्त्री’ म्हटलं की पोलिसांच्या फिर्यादीतला ‘अज्ञात इसम’ डोळ्यांपुढे येतो. निनावी, अनामिक, अनोळखी यांतलं काही चालेल का?

प्रतिसाद :
‘निनावी’ नकोच. निनावी पत्र लिहिणारा नाव मुद्दाम दडवतो. या बाईने काही दडवलेलं नाही. ‘अनामिक’ला ओढ, हुरहूर, भीती शोभते. हाडामांसाच्या माणसाला तो शब्द लावला की ते माणूस धूसर होतं, आणि होल्बाइनच्या रेषेत धूसर काहीच नसतं.
‘अनोळखी’ बोलण्यात सहज येतो, पण होल्बाइनला ती अनोळखी नव्हती. हे चेहरे पुढे रंगवायच्या चित्रांसाठी काढलेले. कापड कुठलं, रंग कुठला, हे त्याने काही रेखाटनांवर जर्मनमध्ये टिपून ठेवलं आहे. नाव मात्र टिपायची त्याला गरज नव्हती, कारण ते त्याला ठाऊक होतं!

प्रतिसाद :
मी ‘ओळख न पटलेली स्त्री’ लिहीन. वर्तमानपत्रात यापुढे ‘मृतदेह’ येतो, हे मान्य. तरी ‘ओळख पटणे’ या क्रियेत पुरावा जुळवणं आहे, आणि इथे नेमकं तेच काम चालतं.
विंडसरच्या चित्रांवर दिसणारी नावं होल्बाइनची नव्हेत. ती अठराव्या शतकात जुन्या नोंदींवरून घातली, आणि त्या नोंदींचं मूळ जॉन चीक या इंग्लिश विद्वानाकडे नेलं जातं. होल्बाइन 1543 मध्ये वारला. चीक हेन्रीच्या मुलाचा, राजपुत्र एडवर्डचा, शिक्षक झाला तो 1544 मध्ये. म्हणजे ही नावं होल्बाइनला विचारून लिहिलेली नसावीत. एका रेखाटनावर ‘मदर जॅक’ असं नाव आहे, म्हणे एडवर्डची दाई. पण ते चित्र 1526-27 च्या सुमाराचं, आणि एडवर्ड जन्मला 1537 मध्ये. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला होल्बाइनचं एक रेखाटन आहे, ‘युटोपिया’ लिहिणाऱ्या टॉमस मोरच्या कुटुंबाचं. त्यात निकोलस क्राट्सर या खगोलशास्त्रज्ञाने प्रत्येकाचं नाव आणि वय लिहून ठेवलं आहे. तिथला चेहरा ‘मदर जॅक’शी जुळला आणि ही मोरची मानलेली मुलगी मार्गारेट गिग्ज, असं ठरलं. तिला शतकानुशतकं दुसरीच्या नावाने ओळखलं गेलं, हे मला नाव नसण्यापेक्षा वाईट वाटतं.
‘अज्ञात’ने दार बंद होतं. ‘ओळख न पटलेली’मध्ये ती अजून पटू शकते.

प्रश्नकर्ती :
पटलं. ‘अज्ञात’ मी जुन्या कारागिरांसाठी राखून ठेवते, ‘चित्रकार अज्ञात’ असं. आणि चित्रासाठी बसणाऱ्या व्यक्तीला काय म्हणावं? ‘मॉडेल’ला मानधनाचा वास येतो.

प्रतिसाद :
चित्रकार मंडळी ‘सिटर’च म्हणतात, ‘सिटिंग’ही. मजकुरात ‘चित्रासाठी बसलेली’ असं क्रियापदाने सांगा. चित्राखाली तर त्याचीही गरज नाही : ‘ओळख न पटलेली स्त्री. काळा व रंगीत खडू, गुलाबी अस्तर दिलेला कागद.’ फक्त गुलाबी अस्तर, म्हणजे कागदावर आधी दिलेला रंगाचा थर, 1532 नंतरच्या, म्हणजे त्याच्या इंग्लंडमधल्या दुसऱ्या मुक्कामातल्या चित्रांना असतं. तुमचं रेखाटन पहिल्या मुक्कामातलं असेल तर ते शब्द गाळा.