मदत हवी आहे: घरच्या अंड्याच्या नूडल्सचा पाण्यात गोळा होतोय

रात्रपाळी: मशीन नाही, पोळपाट-लाटण्यावर करतेय. कापेपर्यंत सगळं झकास. पाण्यात टाकल्या की एकमेकींना चिकटून गोळा, आणि सुट्या राहतात त्यांचे तुकडे. संध्याकाळी लेकीच्या मैत्रिणी येणार आहेत. पटापट सांगा. "विकतच्या आणा" म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

खलबत्ता: प्रमाण काय? पाणी घातलंत का?

रात्रपाळी: नेहमीचंच. पीठ, दोन अंडी, मीठ.

खलबत्ता: अहो, पीठ कुठलं?

दर्याकिनारी: आमच्या मालवणीत शिरवाळे करतात. तांदळाच्या पिठाचे उंडे पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच साच्यातून दाबायचे आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खायचे. अंड्याची भानगडच नाही.

साजूक: बिनअंड्याच्या करायच्या असतील तर मैद्यात चमचाभर तेल घालून कोमट पाण्यात मळा.

रात्रपाळी: शीर्षक वाचता का कुणी? अंड्याच्याच हव्यात! पीठ म्हणजे कणीक. घरात मैदा आणत नाही.

खलबत्ता: म्हणून तुकडे पडतायत. कोंड्याचे कण ग्लुटेनची, म्हणजे पीठ धरून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाची, जाळी कापतात. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. आपली अंडी लहान असतात, त्यामुळे कोरडं वाटलं तर चमचा-दोन चमचे पाणी. पुरीपेक्षाही घट्ट मळायचं, मग अर्धा तास झाकून ठेवायचं. आधीच लाटायला घेतलं तर पोळी रबरासारखी मागे येते.

घरचं_दळण: मैद्याचा एवढा पुळका कशाला? मी निम्मी कणीक घालते, काही तुटत नाहीत. आणि वरणफळं कशाची असतात? ती कुठे विरघळतात?

खलबत्ता: वरणफळं जाड असतात. शिवाय त्यांचं पीठ वरणात उतरलं तर वरण दाट होतं, कोण तक्रार करणार? इथे दीड मिलिमीटरची पट्टी आहे.

तवा_तापला: चिवटपणा हवा असेल तर खायचा सोडा ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर भाजा. त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. पिठात अगदी चिमूटभर. रामेनचा (जपानी नूडल्सचा) पिवळसर रंग आणि लवचीकपणा अशा क्षारामुळेच येतो. भाजलेल्या सोड्याला हात लावू नका, चुरचुरतं.

घरचं_दळण: संध्याकाळी पोरी येणार आणि ही बाई सोडा भाजत बसणार?

मधली_सुट्टी: गोळ्याचं कुणी विचारलंच नाही. कापल्यावर नूडल्स कुठे ठेवता? भांडं केवढं?

रात्रपाळी: ताटात, ओल्या फडक्याखाली. सुकू नयेत म्हणून. भांडं चहाचं, मोठं.

मधली_सुट्टी: सुकायलाच हव्यात की! ओलाव्याने पीठ चिकट होतं. लाटलेली पोळी आधी दहा मिनिटं उघडी ठेवा, दोन्ही बाजूंना मैदा भुरभुरवा, सैल गुंडाळी करून कापा. लगेच बोटांनी उकलून झटका, खाली कोरडं पीठ पडलं पाहिजे. १०० ग्रॅमला निदान लिटरभर पाणी, मीठ घालून खळखळ उकळलेलं. टाकल्या टाकल्या काट्याने हलवायच्या. दोन-तीन मिनिटांत एक चावून बघा; मध्ये कच्चं पीठ लागलं नाही की उपसा. चहाच्या पातेल्यात पाणी लगेच थंडावतं.

रात्रपाळी: मैदा आणायला पाठवलंय. अर्धा तास झाकायचंच का? वीस मिनिटं चालतील?

खलबत्ता: लाटताना मागे येत नसेल तर चालतील.

साजूक: तेल घालताय ना?

रात्रपाळी: नाही!

दर्याकिनारी: शिरवाळ्यांची कृती वेगळ्या धाग्यात टाकू का?